तासावरचे सर

उजवा हात छातीसमोर आडवा धरायचा, तळवा खाली, जणू उतू जाणाऱ्या दुधावर झाकण दाबतोय, आणि मग म्हणायचं, "इतर परिस्थिती कायम राहिली तर, ताई." आमच्या तळमजल्यावरच्या सरांनी हे वाक्य न लावता एखाद्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं मला आठवत नाही.

"सर, आज पाणी येणार का?"

"इतर परिस्थिती कायम राहिली तर येईल."

"सर, दिवाळीला गावी जाणार ना?"

"इतर परिस्थिती कायम राहिली तर जाईन."

एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, ही तुमची परिस्थिती कधी कायम राहते का?" तर माणूस मनापासून हसला. "नाही ना राहत, ताई. म्हणून तर अर्थशास्त्र शिकावं लागतं."

असा एखादा माणूस तुमच्याही वसाहतीत असेल. इस्त्रीचा शर्ट, कॉलर आतून विरलेली. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात पाण्याची बाटली आणि खडूची पेटी. कॉलेजात खडू मिळतात, पण सरांना ते पुरत नसत. सगळे त्यांना प्रोफेसर म्हणायचे. गणपतीत बक्षिसं वाटायला त्यांना बोलवायचे आणि सोसायटीच्या सभेत त्यांच्यासाठी हाताची खुर्ची ठेवायचे. मीही ठेवायची.

मी विक्रोळीच्या बाजारात ड्रेस मटेरियलचं दुकान चालवते. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा खांद्यावर पिशवी टाकून मी इमारती-इमारतींत गाऊन विकत फिरले. त्यातून आधी एक टेबल झालं, मग अर्धा गाळा, मग पूर्ण. सुरतेचा व्यापारी मला फोन करताना आधी घोटभर पाणी पितो म्हणतात. माझं डोकं लवकर तापतं आणि तोंड त्याहून लवकर सुटतं, पण त्याच तोंडावर दुकान उभं राहिलं आहे. कापड मी उन्हात धरून, चुरगळून, धागा ओढून बघते आणि मगच भाव विचारते. आयुष्यात एकच वस्तू मी तशी न बघता घेतली. ती या सरांनी मला विकली.

खरेदी-विक्रीत हा माणूस मात्र अगदीच कच्चा होता. एकदा बायकोसाठी साडी हवी म्हणून दुकानात आला. बायको गावी, वाशीमकडे. सासू-सासऱ्यांना सांभाळून तिथल्या शाळेत काहीबाही काम करायची. वर्षातून दोनदा भेट. मी दोन साड्या उलगडल्या न उलगडल्या, तोच सरांनी आपल्या खिशात किती आहेत ते सांगून टाकलं.

"अहो सर, आधीच ताकद सांगितलीत तर मी भाव कमी कशाला करू?"

"पण तेवढेच आहेत, ताई. खोटं कशाला सांगू?"

"खोटं नाही, गप्प राहायचं! समोरच्याला अंदाज येऊ द्यायचा नाही. तुम्ही अर्थशास्त्र शिकवता ना?"

"शिकवतो ना," ते म्हणाले. "त्यात असंच गृहीत धरलंय. की दोघांनाही सगळं माहीत आहे."

मी कपाळाला हात लावला आणि साडी बांधून दिली. भाव कमी केला नाही. धंदा आहे.

एकदा तर त्यांनी आपला वर्गच माझ्या दुकानात आणला. "मुलांना घासाघीस बघायची आहे, पुस्तकात नीट कळत नाही," म्हणून परवानगी मागितली. मलाही जरा मान वाटला. मी म्हटलं, आणा. पोरं-पोरी भिंतीला लागून उभ्या राहिल्या, हातात पेन. नेमकी त्याच वेळी एक बाई लग्नाचा बस्ता घ्यायला आली. मी पहिला भाव सांगितला. ती तोंड उघडणार, इतक्यात तिची नजर भिंतीकडे गेली. सगळी पोरं तिच्या तोंडाकडे बघत लिहायच्या तयारीत. बाई म्हणाली, "मी नंतर येते," आणि जी गेली ती समोरच्या दुकानात शिरली.

"सर, वाट लावलीत माझ्या धंद्याची!" मी ओरडले. "उचला ही तुमची फौज!"

पोरं हसू दाबत पायऱ्या उतरली. सर ओशाळून उभेच. मग त्यांनी त्या बाईने हातात धरलेला ड्रेसपीस स्वतःच विकत घेतला. सांगितलेल्या भावात. कुणाला घालणार होते देव जाणे.

आता माझ्या भांडणाकडे येते.

मे महिन्यात, बारावीच्या निकालाच्या सुमारास, सर भर दुपारी वसाहतीत फिरायचे. ज्यांची मुलं बारावी झाली त्यांच्या दाराशी जायचे, पाणी मागायचे आणि अर्थशास्त्राचा विषय काढायचे. आम्हाला वाटायचं, काय आवड आहे माणसाला! सुट्टीतसुद्धा घरी बसवत नाही.

माझ्या अक्षताचा निकाल लागला त्या वर्षी ते आमच्याकडे आले. पोरीला मार्क चांगले होते. माझं सगळं ठरलेलं होतं. ती कॉमर्सला जाईल, हिशोबाचा एखादा कोर्स करेल, मग मुलुंडला आपण दुसरं दुकान टाकू, गल्ल्यावर ती बसेल. मुलुंडच्या बायका भाव कमी करायला लावत नाहीत असं मी ऐकून होते.

"ताई, तिला बी. ए. करू द्या. अर्थशास्त्र घेऊन."

"का? आर्ट्सला काय पिकतं?"

"पोरगी प्रश्न विचारते. परवा मला म्हणाली, कांदा शेतात सडतो तेव्हा बाजारात महाग कसा? असं विचारणारं मूल मला कितीक वर्षांत भेटलं नाही."

"प्रश्न विचारायचे पैसे मिळतात का कुठे? नोकरी काय लागेल ते सांगा."

हात आडवा झाला. "इतर परिस्थिती कायम राहिली तर पुष्कळ आहे. बँका आहेत. सरकारची सांख्यिकी खाती आहेत. स्पर्धा परीक्षा आहेत. मोठ्या कंपन्यांना बाजाराचा अभ्यास करणारी माणसं लागतात. संशोधन आहे. प्राध्यापकी आहे."

"गॅरंटी?"

"त्याची नाही देता येणार, ताई. शिकवायची देतो."

अक्षता दाराच्या आडून ऐकत होती. तिचं तोंड बघितलं आणि मी गणित मांडलं. सरकारी अनुदानावरचं कॉलेज, फी जवळपास नाहीच. शिकवणारा माणूस खालीच राहतो, शिकवणीचा खर्च नाही. घराशेजारी कॉलेज. मला वाटलं, सौदा झकास आहे. मी लगेच हो म्हटलं. माल उन्हात धरलाच नाही.

शिकवायचे मात्र मन लावून, हे नाकारून चालणार नाही. पोरगी संध्याकाळी दुकानात येऊन मला समजावायची. "आई, ऐक. गिऱ्हाईक जेवढं द्यायला तयार असतं आणि प्रत्यक्षात देतं, त्यातला जो फरक, ते त्याचं संतोषाधिक्य. सर म्हणतात, तुझी आई गिऱ्हाइकाकडे ते शिल्लकच ठेवत नाही."

"असं म्हणतात? सांग त्यांना, शिल्लक ठेवलं असतं तर तुला दप्तर कुठून आलं असतं?"

दुसऱ्या दिवशी ती निरोप घेऊन आली. "सर म्हणाले, उत्तर बरोबर आहे, पूर्ण मार्क."

मला हसू आलं होतं तेव्हा. ते हसूही आता महाग पडल्यासारखं वाटतं.

ती तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या ऑफिसातल्या एक बाई दुकानात आल्या. ब्लाउजपीस निवडता निवडता म्हणाल्या, "तुमची अक्षता आली म्हणून बरं झालं हो. एक-दोन मुलं जरी कमी पडली असती ना, तरी तिसऱ्या वर्षाचा अर्थशास्त्र विषयच बंद झाला असता. मग तुमच्या त्या सरांचे तास गेले असते."

"गेले असते म्हणजे? ते प्रोफेसर आहेत ना?"

"प्रोफेसर कसले! तासावर आहेत ते. जेवढे तास शिकवतील तेवढ्याचंच बिल, तेही निघेल तेव्हा. मे महिन्यात काही नाही. दरवर्षी नव्याने मुलाखत. मुलं असतील तर विषय, विषय असेल तर तास. कायमची भरती कुठे होतेय आता?"

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. मे महिन्यातल्या त्या फेऱ्या, दारोदारचं ते पाणी मागणं, 'पोरगी प्रश्न विचारते'. सगळं एका झटक्यात उलगडलं. माझ्याच दुकानासमोर उभं राहून कुणी माझंच गिऱ्हाईक पळवावं, तसं झालं मला. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी तडक त्यांच्या खोलीवर गेले.

ते जमिनीवर बसून पेपर तपासत होते. समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातल्या महामानवाचा फोटो, त्याला ताजा हार. खोलीत दुसरं काही नव्हतं म्हटलं तरी चालेल.

"सर, तुम्ही माझ्या पोरीला गिऱ्हाईक केलंत."

त्यांनी पेनचं टोपण लावलं. त्यांना लगेच समजलं. "बसा, ताई."

"बसायला नाही आले! तुमचे तास वाचवायला मुलं हवी होती. म्हणून आलात ना माझ्या दारात?"

मला वाटलं होतं, नाही म्हणतील. गयावया करतील. माझी तयारी तशीच होती. पण सर म्हणाले, "हो. तेही होतं."

"तेही म्हणजे?"

"मला तास हवे होते, हे खरं. आणि पोरगी खरंच हुशार आहे, हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं."

"मग पहिलं का नाही सांगितलंत?"

"पहिलं सांगितलं असतं तर तुम्ही दुसरं खरं मानलं असतं का?"

मी आवाज चढवला. साडी घेताना खिसा उघडून दाखवणारा माणूस इथे बरोबर गप्प राहिला होता. मी खूप बोलले. स्वतः कायम नाही आणि दुसऱ्यांच्या मुलांना बँकेची, सरकारची स्वप्नं दाखवता, असं बोलले. आजूबाजूच्या दारांतून माणसं डोकावली. त्या दिवसापासून वसाहतीत त्यांना प्रोफेसर म्हणणं बंद झालं. हाताची खुर्चीही.

त्यांनी फक्त एकदाच मान वर केली, फोटोकडे. "ताई, यांच्यामुळे आमच्या आजोबांनी ताठ मानेने गावातून चालायला सुरुवात केली. यांनी परदेशात जाऊन हा विषय घेतला होता. बाप म्हणाला, तूही हाच घे. नोकरी काय लागेल हे मी विचारलंच नाही. आमच्याकडे कुणाला तसं सुचलंही नाही."

मग मी म्हटलं, "तुम्ही नाही विचारलंत. मी विचारलं होतं." आणि निघून आले.

पोरगी चांगल्या मार्कांनी बी. ए. झाली आणि माझा राग खरा ठरत गेला. अंधेरीच्या एका चकचकीत कंपनीत तिला बाजाराच्या अभ्यासासाठी म्हणून बोलावलं. तिथल्या पोराने विचारलं, कॉम्प्युटरवर अमुक येतं का, तमुक येतं का? तिच्या कॉलेजात कॉम्प्युटर होते, पण त्या खोलीची किल्ली सापडायची नाही. एका बँकेने नोकरी दिली. रोज उन्हात उभं राहून लोकांच्या हातात क्रेडिट कार्डाचे कागद कोंबायची. मग घाटकोपरला हप्ते थकवणाऱ्या लोकांना फोन करायची नोकरी. लोक आईबापावरून शिव्या द्यायचे. स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरला, तर परीक्षाच पुढे ढकलली, मग आणखी पुढे.

मी जेवताना म्हणायची, "विचार तुझ्या सरांना, परिस्थिती कायम कधी राहणार?"

ती ताट सरकवून उठायची. आणि उठून जायची कुठे? खाली. त्यांच्याकडेच. तिने एम. ए. ला नाव घातलं तेही त्यांच्याशी बोलून. प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या सेट परीक्षेची तयारी त्यांनीच करून घेतली. मी कठड्यावरून बघायची, खालच्या खोलीच्या दारात दोन जोड्या चपला आणि आतून त्यांचा आवाज, "नाही ना, पुन्हा काढ आलेख, मागणी सरकली की पुरवठा?" एक दमडी घेतली नाही त्यांनी. मी डबा पाठवला नाही. अक्षता माझ्या नकळत न्यायची, ते मला ठाऊक होतं.

ती सेट पास झाली. पावसाळ्याच्या तोंडावर कॉलेजात तासांच्या मुलाखती लागल्या. सरांनीच तिला अर्ज करायला लावला.

त्या मुलाखतींची रीत तिने मला सांगितली. जो माणूस एवढी वर्षं तिथे शिकवतो, त्यानेही दरवर्षी फाईल घेऊन बाहेरच्या बाकावर बसायचं. आत प्राचार्य, ज्यांना तो रोज नमस्कार करतो, तेही आपले विचारणार, "आपलं नाव?" आणि यानेही आपलं नाव सांगायचं. त्या दिवशी बाकावर सर आणि अक्षता शेजारी शेजारी बसले होते. सरांनी तिची फाईल तपासली, एक झेरॉक्स उलटी लागली होती ती सरळ केली. तिला घाम फुटला होता. म्हणाले, "घाबरू नको. मागणीचा नियम विचारला तर अपवादही सांग. ते खूश होतात."

संध्याकाळी कॉलेजातून फोन आला. अक्षताची निवड झाली. मी पेढे आणायला पिशवी उचलली, तर पोरगी भिंतीला टेकून रडत बसलेली.

"काय गो, रडतस कित्याक?" रागात किंवा घाबरल्यावर माझ्या तोंडातून गावची भाषा येते.

"आई, अर्थशास्त्राचे तास एकाच माणसापुरते आहेत. ते मला दिले. सरांचे गेले."

मी पिशवी ठेवली.

मी खाली गेले. त्या भांडणानंतर पहिल्यांदा. सर पोहे परतत होते. मला बघून गॅस बारीक केला.

"तुम्हाला माहीत होतं का, जागा एकच आहे?"

"माहीत होतं."

"मग तिला कशाला उभं केलंत? मोठेपणा करायला?"

"नाही ना, ताई. माझा हिशोब चुकला." ते खरंच हिशोब चुकल्यासारखे बोलत होते. "मार्क तिचे जास्त, हे माहीत होतं. माझा एम. ए. ला सेकंड क्लास आहे. पण मी काय धरलं, की माझ्या अनुभवाचे गुण पडतील. मी पहिला येईन, ती दुसरी. ज्युनियर कॉलेजची बाई बाळंतपणाच्या रजेवर जाऊन राहिली आहे, तिचे तास दुसऱ्या नंबरला मिळतील. दोघांचंही भागेल. पण यंदा म्हणाले, तासावरचा अनुभव अनुभव म्हणून धरत नाहीत. दरवर्षी उन्हाळ्यात खंड पडतो ना. सलग काही नाहीच."

"एवढी वर्षं शिकवलंत ती?"

"कागदावर मी दरवर्षी नवाच आहे."

"आणि ज्युनियरचे तास?"

"ते तिसऱ्याला दिले. त्याची ओळख आहे म्हणतात. मला माहीत नाही." पोहे खाली लागल्याचा वास आला. त्यांनी ते उलटवले. "अक्षताला सांगा, सोडू नको. तिने सोडले तरी मला मिळणार नाहीत, तो तिसरा दोन्हीकडचे घेईल. त्याला शिकवता येत नाही."

वर आले तर पोरगी म्हणत होती, मी जाणार नाही शिकवायला. मला त्या क्षणी कुणाचा राग येत होता हे सांगणं कठीण आहे. या माणसाशी माझं भांडण होतं. ते मी जपून ठेवलं होतं, व्याजाला लावल्यासारखं. पोरगी कुठेतरी चांगली लागली असती तर मी ऐटीत पेढे घेऊन गेले असते आणि म्हटलं असतं, बघा, तुमच्याशिवाय झालं. नाही लागली असती तर जन्मभर त्यांना बोलले असते. आणि आता माझी पोरगी त्यांच्या पोटावर पाय देऊन उभी, तेही त्यांनीच तयार केलेली. असा माल मला नको होता.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले. मुलीला न सांगता. ठेवणीतली साडी नेसले, जी मी मोठ्या व्यापाऱ्याशी बोलताना नेसते.

प्राचार्य सभ्य माणूस होता. पंखा माझ्याकडे वळवला. मी सरळ विषयाला हात घातला. "तास अर्धे-अर्धे करा. अर्धे माझ्या मुलीला, अर्धे सरांना. तुमचा खर्च तेवढाच. मुलांना दोन माणसं मिळतील."

"असं करता येत नाही, बाई. एकाची निवड झाली आहे."

"बरं. मग तीन भाग करा. मुलीला एक भाग द्या, दोन सरांना."

"अहो, नियम..."

"बरं, ते राहू द्या. त्यांचा अनुभव धरा. एवढी वर्षं त्यांनी तुमच्या वर्गात उभं राहून काय केलं मग? भजी तळली?"

"बाई, त्याला नियमात अनुभव म्हणत नाहीत."

"मग नियम कोण बदलेल? त्यांचं नाव सांगा. मी त्यांच्याकडे जाते."

त्यावर प्राचार्य कितीतरी वेळ टेबलावरची काच पुसत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "बाई, माझ्या दारावरची पाटी वाचलीत का? प्रभारी लिहिलंय. मीही कायम नाही. माझ्या हातात काही असतं तर मी आधी माझंच करून घेतलं असतं ना?"

मी आजवर सुरतेच्या, भिवंडीच्या, उल्हासनगरच्या एकेका वस्तादाशी भाव केला आहे. समोरचा कितीही अडला तरी त्याच्याकडे सोडण्यासारखं काहीतरी असतं, तेवढ्यावर माझी भाकरी चालते. इथे समोरच्या माणसाकडे सोडायला काही नव्हतंच. मी उठले. जाताना चहा मागवू का म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, "कुणाच्या बिलावर?"

अक्षता शेवटी शिकवायला गेली. सरांनीच नेली. फाटकापर्यंत तिच्याबरोबर चालत गेले, आत गेले नाहीत. वॉचमनने सवयीने त्यांना सलाम ठोकला, तर म्हणाले, "आता या मॅडमना करायचा." ती सांगत होती, मागे वळून बघितलं तर ते रस्ता ओलांडून उलट्या दिशेने झपाझप चालले होते, तास चुकत असल्यासारखे.

गणपतीच्या आधी खोली सोडून ते गावी गेले. मी सुरतेला गेले होते माल बघायला. आले तेव्हा दाराला मालकाचं कुलूप होतं. मला सांगून गेले नाहीत, याचा मला राग आला. का सांगावं त्यांनी? तरी आला.

आता वसाहतीत अक्षताला प्रोफेसर मॅडम म्हणतात. बक्षिसं वाटायला बोलावतात. मी कुणाला काही सांगत नाही. तिचं पहिलं बिल अजून मंजुरीत आहे. मुलुंडचं दुकान मी टाकलं नाही. एकटीने दोन शटर उघडायचं वय राहिलं नाही. आणि ज्याला मी या सगळ्याचा जाब विचारावा, तो एकच माणूस माझ्या ओळखीचा होता.

म्हणून मीच एकदा त्यांना फोन लावला. दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पलीकडे खूप वारा होता आणि मागे बरीच पोरं एका सुरात काहीतरी ओरडत होती.

"बोला ताई!" आवाजात नेहमीचाच आनंद. "अक्षता काय म्हणते? आलेख फळ्यावर मोठे काढते ना? मागच्या बाकावरून दिसले पाहिजेत."

"काढते. तुम्ही काय करता तिकडे?"

"अकॅडमीत शिकवतो ना. पोलीस भरतीची. दीडएकशे पोरं आहेत."

"काय शिकवता?"

"गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान. सकाळी पळायला नेतो, तेही माझ्याकडेच आहे."

"आणि अर्थशास्त्र?"

वाऱ्याने आवाज तुटल्यासारखा झाला. मला वाटलं फोन कटला.

"असतात ना, ताई," सर म्हणाले. "सामान्य ज्ञानात दोन-तीन प्रश्न असतात त्याचे."

मला खूप बोलायचं होतं. सगळं भांडण अजून तसंच होतं माझ्याकडे, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडे कुणीतरी जोरात शिट्टी फुंकली.

"ठेवतो हं, ताई," ते म्हणाले. "पोरं उन्हात उभी आहेत."